लखपतच्या वाटेवरची चुरी

कच्छला जाऊन आलो म्हटलं की सगळे एकच विचारतात, "पौर्णिमेचं रण पाहिलं का?" पाहिलं. मीठ चांदण्यात खरंच उजळतं. पण रणाच्या काठावरच्या धोरडो गावात त्या रात्री इतकी गर्दी होती, उंटगाड्यांची, स्पीकरवरच्या गाण्यांची, फोटोसाठी ताटकळणाऱ्या कुटुंबांची, की बरंच लांब चालत गेल्याशिवाय आपण वाळवंटात आहोत हे पटेना. भिरंडियाराचा गरम मावा मात्र चुकवू नका. रणाबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते लखपतच्या रस्त्यावरच्या एका अंगणाबद्दल. तिथे आई आणि मी एक अख्खी दुपार बसलो होतो.

मी फुलीचा टाका घालते. क्रॉस स्टीच. मॅटीचं कापड, अँकरच्या लड्या, बोथट टोकाची सुई, बस्स. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास चौकटी मोजत बसलं की दिवसभराचं सगळं डोक्यातून उतरतं. हा नाद आजीकडून आला. तिच्या रुखवतातलं मॅटीचं तोरण आमच्याकडे आहे: आठ हिरवे पोपट, मध्ये कैऱ्या, खाली लाल लोकरीचे गोंडे. दिवाळीत आणि घरातल्या लग्नात ते लागतं, एरवी कापडात गुंडाळून कपाटात. आता त्याची कड विरत चालली आहे, म्हणून मी त्याची नक्कल करायला घेतली. नक्षीचा कागद कुणाकडे नाही, त्यामुळे मूळ तोरण समोर ठेवून चौकटी मोजत जायचं, एवढाच मार्ग. कच्छला निघताना मी ते सोबत घेतलं. बांद्र्याहून संध्याकाळी कच्छ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी भूज. रात्री दिवे मालवेपर्यंत एक पोपट होतो.

कच्छच निवडलं ते गरासिया जत बायकांसाठी. कच्छचं भरतकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरसे, साखळी टाका आणि रबारी घागरे येतात. पण पश्चिम कच्छमधल्या या मुस्लिम शेतकरी समाजाच्या बायका चुरी नावाचा पायघोळ झगा घालतात आणि त्याचा छातीवरचा भाग फुलीच्या टाक्याने पूर्ण भरतात. पूर्ण म्हणजे मागचं कापड सुईच्या टोकाएवढंही दिसत नाही. लाल, नारिंगी, मध्ये निळ्या-हिरव्या रेघा आणि मसुरीएवढे आरसे. आपल्या मॅटीला भोकं आयती असतात. त्यांना तीही सोय नाही. साध्या विणीच्या कापडाचे उभे-आडवे धागे नजरेने मोजायचे आणि टाका घालायचा. खाली आखलेलं काही नसतं. आजीने आईला शिकवलेलं, आईने लेकीला, तेवढंच डोक्यात.

हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते भूजजवळ अजरखपूरला, एलएलडीसीच्या (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) संग्रहालयात. श्रुजन संस्थेने २०१६ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय भूजमध्ये एकच दिवस असला तरी पाहावं असं आहे. श्रुजनची सुरुवात १९६९ च्या दुष्काळातली. चंदाबेन श्रॉफ मुंबईहून मदतीला आल्या, तेव्हा गावातल्या बायकांच्या हातात काय कला आहे हे त्यांनी पाहिलं, आणि फुकट धान्याऐवजी भरतकामाचं काम द्यायला सुरुवात केली. तिथे प्रत्येक समाजाची शैली वेगळी मांडली आहे: अहिर, रबारी, मुतवा, सोढा राजपुतांचं सुफ, जत. सुफ कापडाच्या उलट्या बाजूने भरतात, हे समजल्यावर मी त्या एका काचेपुढे आईचे पाय दुखेपर्यंत उभी होते.

तिथेच पुन्हा आठवलं ते ढेबरिया रबारी या पशुपालक समाजाचं. लग्न ठरलेल्या मुलीने हुंड्याचं सगळं भरतकाम पुरं केल्याशिवाय सासरी जायचं नाही, अशी रीत. कामाचा पसारा इतका वाढला की मुली वर्षानुवर्षं माहेरीच अडकायच्या. शेवटी १९९५ मध्ये समाजाच्या पुढाऱ्यांनी स्वतःसाठी भरतकाम करण्यावरच बंदी घातली. मग बायकांनी तयार लेस, जरी आणि मशीनची शिलाई वापरून नवीन सजावट काढली. आई हे ऐकून एवढंच म्हणाली, "रुखवताचंही असंच व्हायला नको होतं." तिच्या लग्नापर्यंत आमच्याकडे रुखवतात काय-काय मांडलंय यावरून मुलीची पारख व्हायची. आता ते भाड्याने मिळतं.

त्या संध्याकाळी एका दुकानात जे पाहिलं त्याने मात्र माझं डोकं उठलं. मालकाने "खास जुना माल" म्हणून भिंतीवर लावायचा एक मोठा तुकडा उलगडला. पाच-सहा चुरींचे छातीचे भाग कापून एकमेकांना जोडलेले, वर काळी पाइपिंग. किंमत अठरा हजार. मी जवळ जाऊन पाहिलं. कात्री भरतकामावरून गेली होती. फुली मध्येच तुटलेली, कडेचे रेशीम धागे मोकळे झालेले आणि ते निसटू नयेत म्हणून मशीनची झिगझॅग मारलेली. एका तुकड्याच्या गळ्याशी कापड मळून काळपट झालं होतं. रोज अंगावर घातल्याशिवाय तसा रंग येत नाही. कुणीतरी बाई वर्षानुवर्षं ती चुरी घालून दळण, पाणी, गुरं सगळं करत होती, आणि आता तिचा तुकडा कुणाच्या तरी सोफ्यामागे लागणार. बाहेरचे व्यापारी अनेक दशकं दारोदार फिरून हे जुने कपडे गोळा करत आले आहेत. दुष्काळात, आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर, घर उभं करायला लोकांनी हुंड्याचे कपडे विकले. त्यांना मी दोष देणार नाही. घ्यायला गेलेल्यांना देते. आख्खी चुरी जपून ठेवली असती तरी समजलं असतं, पण कापायची? आम्ही काही न घेता बाहेर पडलो आणि आई गाडीत बसेपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी लखपत. भूजहून नखत्राणा, माता नो मढ आणि मग पुढे गांडो बावळच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या झाडीतून सरळ रस्ता, साधारण १३५ किलोमीटर. लखपतचा कोट अजून उभा आहे, आत गाव जवळपास रिकामं. १८१९ च्या भूकंपात जमीन वर उचलली गेली, सिंधूचं पाणी या बाजूला यायचं थांबलं आणि बंदराचा जीव गेला. तटावर चढलं की पलीकडे खाडी आणि रण यांत फरकच कळत नाही. गुरुद्वाऱ्यात चहा मिळाला, जेवून जा असा आग्रह झाला. एवढ्या निर्जन जागी इतकं अगत्य!

परतताना आमच्या गाडीवाल्या भाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका गरासिया जत घरी गाडी वळवली. पुरुष माणसं बाहेर ओसरीवर, आम्ही दोघी आत अंगणात. घरात एक म्हाताऱ्या बाई, त्यांची सून आणि नववीत शिकणारी नात. नातीला हिंदी चांगलं यायचं, बाकी सगळं कच्छीत. फोटो नको, असं त्यांनी आधीच सांगितलं, आणि मी फोन पर्समध्ये टाकला. आईला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही हे न सांगता ओळखून सुनेने खाटलो आणून टाकला. बाजरीचा रोटलो, गूळ, ताक, नंतर बशीत ओतलेला चहा. आम्ही कोण, कुठल्या, याची चौकशी रोटलो संपल्यावर झाली. पुण्या-मुंबईच्या पाहुणचारात मला हल्ली हे कमी दिसतं.

म्हाताऱ्या बाईंनी पेटीतून स्वतःच्या लग्नातली चुरी काढून दाखवली. विकायची नाही, हे त्यांनी नातीकरवी दोनदा सांगितलं. काल दुकानात काय पाहिलं ते मी त्यांना सांगितलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग मी पिशवीतून आजीचं तोरण काढलं.

त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, मागच्या गाठी बोटाने चाचपल्या. पुन्हा सुलट केलं आणि अंगणाच्या उन्हात तिरपं धरलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उजवीकडच्या तीन पोपटांवर नखाने रेघ ओढल्यासारखं केलं आणि नातीला काहीतरी सांगितलं.

नात म्हणाली, "दादी बोल रही हैं, ये दो औरतों का काम है."

आई लगेच म्हणाली, "छे छे, आईने एकटीने केलंय हे. तिच्या रुखवतातलं आहे."

बाईंनी पुन्हा तोरण उन्हात धरलं आणि मला जवळ बोलावलं. फुलीला दोन तंगड्या असतात, एक खालची, एक वरची. वरची तंगडी सगळीकडे एकाच बाजूला कललेली हवी, हे मलाही माहीत आहे. भरतकाम शिकताना पहिल्याच दिवशी सांगतात. पाच पोपटांवर वरचा टाका उजवीकडे चढत होता. शेवटच्या तीन पोपटांवर तो डावीकडे चढत होता. सगळे टाके स्वच्छ, एकसारखे, पण उलट्या कलाचे. दोऱ्याची चकाकी त्यामुळे दुसऱ्या दिशेला पडायची आणि ते तीन पोपट थोडे गडद दिसायचे. आमच्या घरी सगळे म्हणायचे, त्या बाजूला दारातलं ऊन कमी लागलं म्हणून तिथला रंग टिकला. मी त्याच तोरणावरून चौकटी मोजत होते, आणि मला टाक्यांची संख्या दिसत होती, हात दिसत नव्हता.

बाईंनी आपला डावा हात वर करून सुई धरल्याची खूण केली आणि हसल्या.

आईचा चेहरा बदलला. "बेबीमावशी," ती म्हणाली. "बेबीमावशी डावखुरी आहे."

बेबीआजी, म्हणजे आजीची धाकटी बहीण, कऱ्हाडला असते. अंगणात रेंज नव्हती. माता नो मढला गाडी थांबवून आशापुरेचं दर्शन घेतलं आणि देवळाबाहेरच्या बाकावरून आईने तिला फोन लावला. मी स्पीकर लावायला सांगितलं. आधी प्रकृतीची विचारपूस, मग आईने सरळच विचारलं, "मावशी, आईच्या तोरणातले पोपट तू केलेस का?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग बेबीआजी म्हणाली, "तीन. कुणी सांगितलं तुला?"

आजोबा फौजेत होते. त्यांची सुट्टी ठरल्यापेक्षा आधी मंजूर झाली आणि लग्नाची तारीख अलीकडे ओढावी लागली. तोरण अर्धं राहिलेलं. आजी दिवसा लाडू-चिवड्याच्या कामात, तिची बोटं सुजलेली. तेरा वर्षांच्या बेबीने रात्री कंदिलाजवळ बसून उरलेले पोपट पुरे केले. शाळेत डाव्या हाताने लिहिलं की मास्तर छडी मारायचे, म्हणून लिहायला तिने उजवा हात शिकून घेतला होता. "पण भरायला मला कुणी अडवलं नाही बाई," ती म्हणाली. "अंधारात कोण बघतंय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?" आईने विचारलं.

"रुखवत नवरीचं असतं. नवरीने केलं म्हणून मांडतात. मी मध्ये येऊन तिचं कमी कशाला करू? आणि ताईनेही कधी माझ्या हातचं म्हणून वेगळं काढलं नाही. तीनही पोपट तिने मधल्या दारावर यायचे तसे लावले, जिथे सगळ्यांना दिसतील."

आई रडत होती आणि त्याच वेळी तिच्यावर रागावतही होती, की हे सगळं एका परक्या बाईकडून का कळावं. मला ते परकं वाटलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर धागे मोजलेत तिला कुणाचा हात कुठे थांबला आणि कुणाचा सुरू झाला ते वाचता येतं. आणि म्हणूनच त्या दुकानातले कापलेले तुकडे मला जास्तच लागले. त्यांच्या शिवणीतही कुणाची तरी बहीण, नणंद, जाऊ असेल. कापून जोडल्यावर ते वाचायला काहीच उरत नाही. तेव्हा कच्छला जाल तर जुनं विकत घेऊ नका. नवीन घ्या, भरणाऱ्या बाईच्या हातून घ्या, आणि ती सांगेल ते पैसे द्या. मी त्या घरच्या सुनेने भरलेला वीतभर पट्टा बाराशेला घेतला. घासाघीस केली नाही. तेवढ्याशा कामाला किती तास लागतात ते मी माझ्या डोळ्यांनी आणि पाठीने जाणते.

भूजमध्ये आणखी दोन दिवस होतो: प्रागमहल, आईनामहल, एक फसलेला सूर्यास्त. हॉटेलमध्ये गरम पाणी सकाळी सातनंतर गायब व्हायचं.

नवीन तोरणाबद्दल घरात दोन मतं पडली आहेत. आईचं म्हणणं, आता सगळे पोपट एकाच कलाचे कर, नीटस दिसेल. मी ते मुळाप्रमाणेच करते आहे, पाच उजवे, तीन डावे. हात सारखा सवयीच्या बाजूला वळतो, म्हणून त्या तीन पोपटांना लागल्यापासून मी दर ओळीनंतर काम उन्हात तिरपं धरून बघते. सहावा पोपट चोचीपर्यंत आलाय. बेबीआजीने फोनवर बजावलंय की शेवटचा तिच्यासाठी ठेवायचा. कंदील नको म्हणाली, या वेळी चांगला दिवा लाव.