आधी काळ्याचं ठरवा

"सर, पोरगं दिवसभर मोबाईलवर चेसच खेळूलालंय. त्याला एक पांढऱ्याचं आणि एक काळ्याचं ओपनिंग लावून द्या की ओ." बेळगावात टिळकवाडीत मी रविवारी पोरांना बुद्धिबळ शिकवतो, तिथे येणाऱ्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न. ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव खेळ्या. शहापूरचे असोत नाहीतर खानापूरचे, फरक एवढाच की कुणी यूट्यूब बघून लंडन सिस्टीमचं नाव घेऊन येतं, कुणी नायडॉर्फचं. दारात चपला घालता घालता याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बैठक मारून सांगतो.

पहिलं वर्ष-दीड वर्ष हा प्रश्नच विचारू नका. पांढऱ्याने ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं; उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा एक ते आठ), काळ्याने ई४ ला ई५, घोडे बाहेर, उंट सी४ वर, मग राजाला कडेला सुरक्षित नेणारं कॅसलिंग. इटालियन म्हणतात त्याला. जी५ वर आलेला घोडा एफ७ वर टपून आहे हे दिसायला लागलं, आणि डी५ वर मारामारी झाल्यावर घोड्याने लगेच परत मारायच्या ऐवजी ए५ ला जाऊन उंटाला हुसकावता आलं, की पोर पुढच्या वर्गात.

खरा प्रश्न त्यानंतरचा, आणि तिथे माझं मत जरा उलटं आहे. बहुतेक जण पांढऱ्यापासून सुरुवात करतात. मी म्हणतो, आधी काळ्याचं ठरवा. पांढरा पहिली खेळी आपल्या मर्जीने करतो. काळ्याला समोरून येईल त्याला तोंड द्यावं लागतं, ई४ ला, डी४ ला, सी४ ला, आणि एखादा हौशी भेटला तर बी३ लासुद्धा. आमची पोरं पंधराव्या खेळीच्या आत हरून येतात ती बहुतेक काळ्यानेच. शिवाय काळ्याने जी रचना अंगवळणी पडते ती पांढऱ्याने खेळताना फुकट मिळते, वर एक चाल जास्त.

मी ई४ ला कॅरो-कान सुचवतो आणि डी४ ला स्लाव्ह. दोन्हींत सी६ आणि डी५, दोन्हींत वजिराकडचा उंट ई६ पडायच्या आधी बाहेर काढायची सोय. फ्रेंचमध्ये ई६ पहिल्याच खेळीला पडतं आणि तो उंट सी८ वर कोंडून बसतो. म्हणून फ्रेंच वाईट असं नाही. २०२४ साली सिंगापूरला जागतिक अजिंक्यपदाच्या पहिल्याच डावात डिंग लिरेनने गुकेशला काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंचमध्येच हरवलं. पण दहा वर्षांच्या पोराला कोंडलेला उंट सांभाळत धीर धर म्हणून सांगून बघा!

कॅरो आणि कान या दोघांनी १८८६ मध्ये या बचावाचं विश्लेषण छापलं, तेव्हापासून त्याला 'सपक' म्हणायची पद्धत आहे. विशेषतः एक्स्चेंज व्हेरिएशनला. पांढऱ्याचं ई प्यादं डी५ वर मारतं, काळ्याचं सी प्यादं परत मारतं, आणि पोरं खांदे उडवतात, "सर, दोघांचं सारखंच झालं की." सारखं झालेलं नसतं. पांढऱ्याचं ई प्यादं गेलंय, काळ्याचं सी. म्हणजे सीची उभी पट्टी काळ्याला अर्धी मोकळी. हत्ती सी८ वर आणायचा आणि बी प्यादं बी५, मग बी४ असं रेटायचं. वजिराच्या बाजूला काळ्याची प्यादी दोन, पांढऱ्याची तीन, तरी चाल करून जातो तो काळाच. सी३ च्या प्याद्याने बी४ वर मारलं तर डी४ चं प्यादं एकटं पडतं. नाही मारलं तर काळा सी३ वर मारतो, बी प्यादं परत मारतं, आणि सी३ चं ते प्यादं हत्तीच्या तोंडासमोर कायमचं मागे राहतं. याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. पांढऱ्यालाही दात आहेत हं. काळ्याचा उंट जी४ वर गेला रे गेला की वजीर बी३ वर येऊन बी७ ला हात घालतो. १९७० मध्ये बेलग्रेडला अमेरिकेच्या फिशरने याच एक्स्चेंजने माजी जगज्जेत्या पेट्रोस्यानसारख्या चिवट माणसाला हरवलंय.

आता पांढऱ्याकडे या. डी४, मग सी४, म्हणजे क्वीन्स गॅम्बिट. काळ्याने ई६ खेळलं की घोडे एकेक बाहेर काढून डी५ वर मारायचं. काळा ई प्याद्याने परत मारतो. वडगावची एक मुलगी ही स्थिती मिनिटभर बघत बसली, मग काही न बोलता उठली आणि पटाच्या पलीकडे जाऊन बसली. "हे तर माझंच कॅरो आहे, फक्त रंग बदललेत." बरोबर. आता सीची पट्टी पांढऱ्याची, हत्ती बी१ वर, बी४, बी५. एकच योजना दोन्ही रंगांनी. डी४ खेळल्यामुळे नायडॉर्फ आणि ड्रॅगन या ई४ ला मिळणाऱ्या उत्तरांची पारायणंही टळतात. किंग्ज इंडियन, डच, बेनोनी या डी४ च्या उत्तरांचा अभ्यास मात्र चुकत नाही, तेवढं कष्टाचं माप घ्यावंच लागतं.

लंडनबद्दल. नोकरी करून रात्री दोन डाव खेळणाऱ्यांनी खुशाल खेळावं. पोरांना मी देत नाही. उंट एफ४, ई३, सी३ हे समोरच्याकडे न बघता मांडत जायची सवय लागते. मग काळा सी५ आणि वजीर बी६ करतो, बी२ चं प्यादं उघडं पडलेलं असतं, आणि आमचा वीर शांतपणे पुढची पाठ खेळी करत असतो.

काही आजोबा म्हणतात, "किंग्ज इंडियन शिकवा, आपलं आहे ते." आपलं आहे हे खरंच. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालायचं, त्यामुळे जी६ करून उंट जी७ वर बसवायची चाल इकडे जुनी. कोलकात्याच्या महेशचंद्र बॅनर्जींनी १८५५ मध्ये स्कॉटिश खेळाडू कॉक्रेनविरुद्ध याच जी७ च्या उंटासह ज्या खेळ्या केल्या, त्यांना पुढे ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डचं नाव मिळालं, कारण त्याने त्या १९२२ मध्ये खेळल्या. पण किंग्ज इंडियनमध्ये मधली घरं पांढऱ्याला देऊन टाकायची, वजिराची बाजू फुटत असताना एफ५, जी५ करत राजावर धावायचं, हे काळीज असलेल्या पोराचं काम. तसं पोर असलं तर मी स्वतःच सुचवतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. घरात मराठी, शाळेत कन्नड, पण निवड स्पर्धा कर्नाटकाच्या. कोल्हापूर-सांगलीची ओपन स्पर्धा पहाटे निघून रात्री परतण्याजोगी. बेंगळुरू ५०० किलोमीटर. पोरं चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्र काढतात, सकाळी कुणाच्या तरी खोलीवर तोंड धुतात आणि पहिल्या फेरीला बसतात. अशा डोक्यात विसाव्या खेळीपर्यंतचं पाठांतर टिकत नाही. म्हणून वहीत खेळ्यांच्या रांगा लिहू नका म्हणतो. उंट कुठे बसणार, कुठलं प्यादं फोडायचं, समोरचं कुठलं मोहरं मारामारीत संपवायचं, एवढं लिहिलं की झोपेतून उठूनही डाव पुढे सरकतो.

डाव हरला की ओपनिंग बदलायची घाई पोरांपेक्षा पालकांना. "आनंदनेसुद्धा बदललं होतं," असं ऐकवतात. बदललं होतं. आयुष्यभर ई४ खेळून २००८ मध्ये बॉनला जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत क्रामनिकसमोर त्याने डी४ काढलं आणि काळ्याने मेरान (स्लाव्हच्याच घराण्यातलं) खेळून दोन डाव जिंकले. पण त्याच्यामागे सूर्यशेखर गांगुलीसारख्या ग्रँडमास्टरांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत होती. तुमच्या पोराचा डाव कुठल्या खेळीला बिघडला ते आधी बघा. तिसाव्या खेळीला हत्ती फुकट गेला असेल तर त्यात कॅरो-कानचा काय दोष? दहाव्याच्या आत घोळ झाला असेल तर वही घेऊन या, ती खेळी दुरुस्त करू.