तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात चौदा की मुंबईत अठरा?

मी सीए आहे आणि पुणं–मुंबई–पुणं अशी फेरी मारून आले आहे. त्यामुळे ओळखीत कुणालाही मुंबईची ऑफर आली की फोन मला येतो. परवाचा फोन जुन्या शेजाऱ्यांच्या मुलाचा होता. पुण्यात १४ लाख मिळतायत, मुंबईवाले १८ देतायत. "ताई, चार लाख जास्त मिळाले तर मुंबई परवडते का गं?"

आधी ते चार लाख नक्की किती, ते बघू. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १४ लाख पगारावर सेससकट (करावरच्या उपकरासकट) ८१,९०० रुपये कर बसतो आणि १८ लाखांवर १,५०,८००. म्हणजे वाढीतले जवळजवळ ६९ हजार तिथेच गेले. उरलेल्याला बाराने भागलं की महिन्याला साधारण २७,६०० येतात. पीएफची वाढीव कपात यात धरलेली नाही. शिवाय ऑफर लेटरवरचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा असेल, तर त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मिळालाच तर मिळणारा व्हेरिएबल, सगळं कोंबलेलं असतं. तेव्हा प्रश्न चार लाखांचा नाहीच, महिना पंचवीसेक हजारांचा आहे.

यावर हमखास ऐकू येतं, "पण मुंबईला एचआरए ५० टक्के ना?" एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता, आणि ते ५० टक्के जुन्या प्रणालीत. नव्यात एचआरएची सूटच नाही. आणि जुन्यातही तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा धरतात. भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा केल्यावर जे उरतं, तेच बहुतेकांचं सर्वांत लहान निघतं. ५० टक्क्यांपर्यंत गाडी पोचतच नाही.

माझा स्वतःचा हिशोब चुकला तो मात्र करात नाही. २०१६ साली मुंबईला निघताना मी एका फुलस्केप कागदावर दोन रकाने आखले होते. तो कागद अजून फायलीत आहे. मुंबईचा रकाना पानभर: भाडं, डिपॉझिट, ब्रोकर, डबा, पास, धुणं-भांडी, शनिवारी पुण्याला यायचं तिकीट. पुण्याच्या रकान्यात चारच ओळी: पेट्रोल, मोबाईल, हॉटेल, किरकोळ. कागद बघून मुंबई म्हणजे शुद्ध लूट, असं माझं ठाम मत झालं होतं.

पुण्यात मी कोथरूडला आईबाबांकडे राहत होते, हे त्या कागदावर कुठेच नाही. भाडं शून्य, डबा शून्य. आमचं विजेचं बिल किती येतं हे मला सत्ताविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि मी लोकांची ऑडिटं करत होते!

२०२१ मध्ये लग्नानंतर पुण्यात परतलो आणि बाणेरला भाड्याने घर घेतलं, तेव्हा पुण्याचा रकाना पहिल्यांदा खरा भरला. डिपॉझिट आलं, ब्रोकर आला, पोळ्यांच्या मावशी आल्या. सोसायटीला टँकरचं पाणी, त्याचा भार मालकाने भाड्यातच धरलेला. मुंबईत माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. इथे दोघांच्या दोन स्कूटर, आणि एका पावसाळ्यानंतर गाडीचा हप्ता. पुण्यात स्कूटरची टाकी एकदा भरायला जे लागतं, त्यात ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास निघतो आणि वर पैसे उरतात.

मुंबईत महाग आहे ती जागा. बाकीचं उगाच बदनाम आहे. ठाण्याला माझ्या घराखाली पोळीभाजी केंद्र होतं. रात्री साडेआठला चार पोळ्या आणि एक भाजी घेऊन मी जिना चढायचे. आणि ते घर म्हणजे पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये मावेल एवढं. पाहुणा आला की गादी टाकायला खुर्ची बाथरूमसमोर सरकवावी लागे, आणि रात्री कुणी उठलं की खुर्चीवर आपटे. त्यासाठी मोजलेलं भाडं अजून डोक्यात जातं.

ऑफिस लोअर परळला होतं. ठाण्याला फास्ट पकडायची, दादरला उतरून स्लो, करी रोडला उतरून चालत. दारापासून दारापर्यंत सव्वा तास. बाणेरहून खराडीलाही मला तेवढाच वेळ लागतो, फक्त हातात हँडल असतं. लोकलमध्ये निदान भाजी निवडता यायची.

म्हणून मी फोनवर पगार विचारत नाही, पत्ते विचारते. या मुलाचं घर कात्रजला, आईवडिलांचं. पुण्याचं ऑफिस खराडीत, मुंबईचं बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जायचं, हे त्याने शेवटी, जाता जाता सांगितलं. खरं तर ते पहिल्या वाक्यात हवं होतं. तीन दिवसांसाठी अकरा महिन्यांचा करार करून पूर्ण घर घ्यायचं, की कुणाबरोबर खोली वाटून घ्यायची, यावरच ते पंचवीस हजार राहतात किंवा जातात.

"मग घेऊ का?" तो म्हणाला. मी म्हटलं, उत्तर कळवायला आठ दिवस आहेत ना, एखाद्या सोमवारी सकाळी नऊला कुर्ला पश्चिमेला उतर आणि बीकेसीच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहा. नंबर लागायला किती वेळ लागला ते मला कळव. आणि रविवारी रात्री आईला विचार, घरात महिन्याला किती सिलिंडर लागतात. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.