सोलापूरच्या गच्चीवर आटवलेला समुद्र

चैत्री एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूरला उतरलो, सातलाच ऊन असं की स्टेशनवरून मावशीकडे जाईपर्यंत शर्ट भिजला. चहा झाला आणि मावशीने लगेच पिटाळलं मंगळवार पेठेत, उपवासाचं मीठ संपलंय म्हणे. दुकानदाराने सैंधवाचा गुलाबी खडा तराजूत टाकला, मुठीएवढा पण चांगलाच जड, आणि हातात घेतल्यावर वाटलं की समुद्र नाही जिथे तिथल्या जमिनीखालून हे आलंच कसं?

सैंधव म्हणजे सिंधूच्या मुलखातलं. पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याची खाण आहे, आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ द्रंग आणि गुम्मा. खेवड्याचं मीठ साधारण 54 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं, गुलाबी रंग त्यातल्या लोहाचा. येताना भुईकोट किल्ल्याचा काळा दगड बघितला होता, तो बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे पिशवीतला खडा सोलापूरच्या खडकापेक्षा आठपट जुना! मी रस्त्यातच थांबून पिशवी उघडून परत बघितला.

समुद्र आटला की मीठ उरतं हे शाळेत शिकलोय पण गणित कधी केलं नव्हतं. मावशीकडून जुनी परात मागितली, लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवलं, कारण समुद्राच्या पाण्यात साधारण तेवढेच क्षार असतात, आणि गच्चीवर ठेवली. मावशी वर आली, "काय करलालास रे उन्हात?" म्हटलं समुद्र आटवतोय. ती काही न बोलता बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परात कोरडी. कडेला पांढरी रेघ, मध्ये बारीक चौकोनी पापड्या, जाडी म्हणाल तर नखाएवढीसुद्धा नाही. हजार मीटर खोल समुद्र पूर्ण आटला तरी मिठाचा थर जेमतेम पंधरा मीटरच्या आसपास बसतो. आणि भूमध्य समुद्राच्या तळाखाली काही ठिकाणी मीठ किलोमीटरपेक्षा जाड आहे! मग एकदा आटून भागणारच नाही ना.

तिथे झालं असं की साधारण 60 लाख वर्षांपूर्वी अटलांटिककडून येणारी वाट आवळत गेली, पाणी येणार थोडं, उन्हाने जाणार जास्त, आणि आत आलेलं मीठ बाहेर पडायला मार्गच नाही. आधी चुनखडी बसते, पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, म्हणजे ज्याचं प्लास्टर करतात ते खनिज, दहाव्या हिश्श्यावर आलं की आपलं खायचं मीठ, आणि पोटॅशचे कडवट क्षार अगदी शेवटी. मध्येच ताजं पाणी आत शिरलं की हाच क्रम पहिल्यापासून. 53 लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरची, म्हणजे अटलांटिककडची ती अरुंद वाट उघडली तेव्हा हे थांबलं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच, की मीठ साठायला समुद्र मरावा लागत नाही, त्याला थोडं थोडं पाणी येत राहावं लागतं. आणि वरून चिकणमाती बसली म्हणून टिकलं, नाहीतर पुढच्या पाण्याने विरघळूनच गेलं असतं.

एकादशीच्या भगरीत तोच खडा किसून घातला. मी आठवडाभर राहिलो, परात कोरडी झाली की परत तेवढंच खारं पाणी ओतायचो, दर वेळी पापडी जरा जाड. द्वादशीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाणून दुपारी जो झोपलो तो पाचला उठलो, धावत गच्चीवर गेलो तर परात भरलेली.

खालून मावशी ओरडली, "मी घातलं रे पाणी, मीठ मोजूनच घातलंय!"

दिवाळीनंतर मंडीला जायचं ठरतंय, मावशीपण येते म्हणतेय.