क्रीटला जाताय? बालोसला भाड्याची गाडी नेऊ नका

ग्रीसच्या क्रीट बेटाचा फोटो म्हणून जो समोर येतो तो बहुतेक वेळा बालोसच्या किनाऱ्याचाच असतो. पांढरी वाळू, हिरवंनिळं उथळ पाणी, समोर उघडाबोडका डोंगर. तिथवर जाणारा रस्ता मात्र कोणी दाखवत नाही, म्हणून सगळ्यात आधी त्याच्याबद्दल.

किसामोसजवळच्या कालिविआनी गावानंतर डांबर संपतं आणि पुढे सुमारे ८ किलोमीटर कच्चा रस्ता लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र, कठडा जवळजवळ नाहीच. टोकदार दगड, खड्डे, मध्येच ठाण मांडलेल्या शेळ्या. सह्याद्रीतले घाट उतरणाऱ्याला वळणांचं काही वाटणार नाही. पण इथे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडून चालवायची, त्यात समोरून गाडी आली की दरीच्या कडेला किती जागा उरली याचा अंदाज येत नाही. पहिल्या गिअरमध्ये आम्हाला पाऊण तास लागला आणि परतताना मागचा टायर फाटला.

खरा संताप पुढचा आहे. गाडी घेताना काउंटरवरच्या माणसाला आम्ही बालोसला जाणार हे स्पष्ट सांगितलं होतं. त्याने ‘फुल इन्शुरन्स आहे, काळजी नको’ म्हणत जास्तीचे पैसे घेतले. गाडी परत करताना मात्र करारातलं बारीक अक्षरातलं कलम पुढे केलं: कच्च्या रस्त्यावरचं नुकसान, टायर आणि गाडीचा तळ विम्यात नाही. टायरचे पैसे आम्ही आधीच भरले होते, वर तळाला ओरखडे आहेत म्हणून वेगळे कापले. हे सरळ लुबाडणं आहे. सही करण्याआधी विचारा की कच्च्या रस्त्याला विमा लागू आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. लिहून द्यायला तयार नसतील तर तो विमा नाहीच असं समजा. गाडीचा चारही बाजूंनी आणि खालून व्हिडिओ काढून ठेवा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या.

बरं, गाडी पोचली म्हणजे बालोस आलं असंही नाही. पार्किंगपासून समुद्र खूप खाली आहे. उतरायला अर्धा तास, आणि दुपारी तीनला तीच चढण भर उन्हात, सावलीचं एक झाड नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि धड बूट हवेतच. चपलांवर आलेली माणसं वाटेत बसलेली पाहिली.

माझं स्पष्ट मत: किसामोस बंदरातून निघणारी बोट घ्या. ती ग्रामव्हूसा बेटावरही थांबते. तिथला व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला किल्ला चढून पाहण्यासारखा आहे, वरून सगळा किनारा दिसतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो जोरात असला की बोट रद्द होऊ शकते, म्हणून तिकीट आदल्या दिवशी हवामान बघूनच काढा आणि हाताशी एक दिवस मोकळा ठेवा. गाडीनेच जायचा हट्ट असेल तर भल्या पहाटे निघा. बोटी येऊन माणसं उतरली की तिथे जत्रा होते. आम्ही बोटींच्या आधी पोचलो होतो. त्या वेळी गुडघाभर कोमट पाण्यात उभं राहून जे दिसलं, ते अप्रतिम होतं हेही सांगायलाच हवं.

क्रीटचाच दुसरा प्रसिद्ध किनारा एलाफोनिसी. तिथली वाळू फोटोत दिसते तितकी गुलाबी नाही. समुद्री सूक्ष्मजीवांच्या कवचांचा चुरा पाण्याच्या कडेला साठतो, तेवढीच गुलाबी रेघ. ती वाळू उचलून नेणं बेकायदा आहे. छत्र्यांच्या रांगा ओलांडून पुढच्या बेटावर उथळ पाण्यातून चालत जा, गर्दी तिकडे कमी होते.

एकच किनारा निवडायचा तर फालासार्ना. डांबरी रस्ता, लांबच लांब वाळू, पश्चिमेला तोंड असल्याने सूर्यास्त थेट पाण्यात. खुर्ची-छत्रीचे पैसे द्यायलाच हवेत असं नाही. ग्रीसमध्ये किनारे सार्वजनिक आहेत, मोकळ्या वाळूवर टॉवेल अंथरा.

हानिया शहराच्या जुन्या बंदरावर फक्त फिरा, जेवायला आतल्या गल्लीत जा. मेनूवर माशाचा भाव बहुतेकदा किलोवर असतो. आमच्यासमोर ताटाएवढा मासा आला आणि बिल पाहून आम्ही गप्प झालो. आधी वजन करायला लावा, किंमत विचारा, मगच हो म्हणा. न मागता आलेल्या पावाचेही पैसे अनेकदा बिलात लावतात. शाकाहारी माणसाचं इथे उत्तम चालतं: जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज घातलेला दाकोस, आणि आपल्या घट्ट वरणासारखा फावा.

जायचं तर जून किंवा सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये पाणी कोमट असतं आणि उन्हाचा तडाखा उतरलेला असतो. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. ३०,००० युरोंचा प्रवास विमा त्यासाठी लागतोच, आणि भाड्याच्या गाडीच्या नुकसानीशी त्याचा काहीही संबंध नाही.