आई जर्मनीत, मुलगी गावात: बालभत्त्याच्या कागदांचा माझा अनुभव

बायको जर्मनीत नर्स आहे. आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ, आर्वी तालुक्यात. तिकडे सरकार प्रत्येक मुलामागे दरमहा पैसे देते, त्याला किंडरगेल्ड म्हणतात. 2025 मध्ये 255 युरो. बायकोनं अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण एकच, मुलगी भारतात राहते.

तिच्याच वॉर्डातल्या पोलंडच्या बाईची मुलंही आजीजवळ, पोलंडमध्येच आहेत. तिला पूर्ण रक्कम मिळते, कारण युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात मूल असलं तरी भत्ता लागू होतो. ऑस्ट्रियानं 2019 पासून तो मुलांच्या देशातल्या महागाईप्रमाणे कमी-जास्त केला होता. कामगार स्थानिकांसारखाच पैसा भरतो, मग भत्ता वेगळा का, असं म्हणत युरोपीय न्यायालयानं 2022 मध्ये ते बेकायदा ठरवलं. माझी बायकोही तिथं तेवढाच कर भरते, रात्रपाळ्याही तेवढ्याच करते. न्यायालयाचा हा मुद्दा आमच्या लेकीला लागू होत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

तिकडच्या करसल्लागारानं दुसरी वाट दाखवली. वार्षिक विवरणपत्रात मुलासाठी करसवलत मागता येते, मूल परदेशात असलं तरी. भारतातल्या मुलासाठी ती एक चतुर्थांशच धरतात. तरी मागायचीच, असं आम्ही ठरवलं. त्यानं जन्माचा दाखला मागितला आणि खरी धावपळ सुरू झाली.

नोंद बारशाआधी झालेली, त्यामुळे दाखल्यावर नावाचा रकाना कोरा! आपल्याकडे असे दाखले घरोघरी आहेत. जन्मापासून पंधरा वर्षांच्या आत विलंब शुल्क भरून नाव टाकता येतं. जिथं नोंद होती तिथला बाबू आधी म्हणाला, “जुनं रजिस्टर सापडून नाही राहिलं जी.” मी बसून राहिलो. शेवटी त्याच्याच मदतनिसानं ते शोधून दिलं, त्या पोराचे उपकार विसरणार नाही. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे ना, हे सही होण्याआधी अक्षर न् अक्षर तपासलं. पुढं जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर झालं आणि सवलत मंजूर झाली.

आता मुलीला तिकडे न्यायची तयारी चालू आहे. ती तिथं राहायला लागली की किंडरगेल्डचा हक्क सुरू होतो, पण उशिरा अर्ज केला तर मागचे फक्त सहा महिने देतात. म्हणून दाखल्याच्या जादा प्रती आत्ताच काढून ठेवल्या आहेत.