तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा भाड्याच्या घरात सायकल ठेवायची कुठे?

हा प्रश्न मला तीन तऱ्हेची माणसं विचारतात. सायकल नसलेले विचारतात, "घरात? सायकल?" नवी घेऊन आलेले विचारतात, "भिंतीला हुक कुठला लावू?" आणि खाली पार्किंगमध्ये ठेवून पस्तावलेले विचारतात, "वर आणली तर चालेल का?" तिघांनाही आजवर तुकड्यातुकड्यांत सांगत आले. त्यामुळे प्रत्येकाला अर्धंच कळलं आणि अर्ध्यावरच भिंतींना भोकं पडली. म्हणून आता सगळं एका जागी लिहिते.

पार्किंग का नको, ते तुम्हाला माहीत आहे. पावसात साचणारं पाणी, चार मोटरसायकलींच्या मागे अडकलेली सायकल, पाना न लावता निघणारी सीट, हे सगळं तुमचं पाहून झालंय.

जिन्याचा पॅसेजही नको. या बाबतीत मी सेक्रेटरीच्या बाजूची आहे, आणि त्यावरून माझ्यावर रागावलेले लोक आहेत. पण जुन्या इमारतीतला पॅसेज असतो जेमतेम साडेतीन-चार फुटांचा. त्यात सायकलचं हँडल दोन फूट अडवतं. लाइट गेलेत, धूर भरलाय आणि माणसं खाली धावतायत अशा वेळी त्याच हँडलमध्ये कोणाचा तरी पदर किंवा पिशवी अडकणार. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची, हा नियम सोसायटीने त्रास द्यायला काढलेला नाही. तोच नियम घराच्या आत तुम्ही स्वतःला लावा. एका खोलीचं घर असेल आणि बाहेर जायला दार एकच असेल, तर त्या दाराच्या वाटेत सायकल नको. बॅटरीची असेल तर तिथे चार्जिंगला तर मुळीच नको.

आता मापं. लोक खोली मोजतात, सायकल मोजतच नाहीत. साधी हायब्रिड पुढच्या टायरपासून मागच्यापर्यंत 170 ते 180 सेंटिमीटर लांब भरते, उंची मीटरभर किंवा थोडी जास्त. जागा खातं ते हँडल. हायब्रिडचं 60 ते 64 सेंटिमीटर, माउंटन बाइकचं 70 च्या पुढे, रोड बाइकचं 40 ते 44. त्यानंतर पायडल, दोन्ही मिळून 35-40. म्हणजे भिंतीला टेकवलेल्या सायकलची रुंदी ठरते हँडलवरून, आणि हँडल वळवलं तर पायडलवरून. चाकं आणि फ्रेम यांना एक वीतभर जागाही पुरते.

लिफ्टची चिंता सगळ्यांना असते, ती फार करू नका. सहा माणसांच्या लिफ्टचा गाळा साधारण 110 बाय 100 सेंटिमीटरचा असतो. मागचा ब्रेक दाबून धरा, पुढचं चाक वर उचला आणि सायकल मागच्या चाकावर उभी करून कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरकी घ्या. गिअरची, म्हणजे उजवी बाजू तुमच्याकडे ठेवा. ती लिफ्टच्या भिंतीला घासली तर डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, वाकतो आणि भिंतीवर काळे ओरखडे उठतात. मग रखवालदार नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं.

आता हुकाकडे येते. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे.

भांडुपच्या एका नव्या टॉवरमधलं घर, भाड्याचं, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट. नवराबायको आणि लहान बाळ. हॉलच्या भिंतीवर त्यांनी दोन दांड्यांचा ब्रॅकेट लावला, फ्रेमच्या वरच्या नळीने सायकल आडवी टांगायची तसला. सुतार बोलावला. त्याने फोटो फ्रेमला वापरतात तीच 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टी आणि 35 मिलिमीटरचे स्क्रू वापरले. दोन्ही हातांनी लटकून दाखवलं, "मॅडम, हत्ती टांगा" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. सहा-सात आठवडे काही झालं नाही. मग एका दुपारी ब्रॅकेट भिंतीतून सुटला आणि सायकलसकट खाली आला. त्या भिंतीखाली अंथरलेल्या गादीवर बाळाला रोज दुपारी झोपवत. त्या दिवशी बाळ आजीकडे होतं.

सुताराने लटकून दाखवलं तेव्हा भिंतीने खरंच धरलं होतं. मग सुटली कशी? ते घर मी नंतर पाहिलं. हाताच्या पंजाएवढा गिलावा निघालेला, आत पांढुरका भुसभुशीत ब्लॉक. नखाने खरवडला तरी पीठ पडत होतं. ती एएसी ब्लॉकची भिंत होती, मिस्त्री ज्यांना हलक्या विटा म्हणतात त्यांची. हा ब्लॉक पाण्यावर तरंगतो, इतकी त्याच्यात हवा असते. वर जिप्समचा गिलावा दीड सेंटिमीटर. 35 मिलिमीटरच्या स्क्रूतला एवढा भाग गिलाव्यातच गेला. खरी पकड ब्लॉकमधल्या दोन सेंटिमीटरची.

आता वजनाचा हिशेब. सायकल 14 किलोची. हँडल 64 सेंटिमीटर रुंद, म्हणून ते भिंतीला लागू नये इतकी सायकल पुढे ठेवावी लागते, म्हणजे तिचा भार भिंतीपासून 32 सेंटिमीटरवर. ब्रॅकेटच्या पट्टीत वरचे स्क्रू खालच्या कडेपासून 12 सेंटिमीटर वर. 14 गुणिले 32 भागिले 12. वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढले जातात ते 37 किलोच्या जोराने, 14 च्या नव्हे. आणि हे झालं सायकल शांत टांगलेली असताना. रोज काढताना ती वर उचलतो, परत टाकताना दांड्यांवर आदळते. प्रत्येक धक्क्याला गिट्टीभोवतीचा ब्लॉक थोडा पिठासारखा होतो आणि भोक केसभर मोठं होतं. एकदा लटकून दाखवल्याने हे कळत नाही, कारण भिंत सुटली ती दीड महिन्याच्या हादऱ्यांनी.

सायकलचं काय झालं? बघताना काहीच नाही. पडली उजव्या बाजूवर, त्यामुळे डिरेलर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर बसतो, तो हँगर आत वाकला. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, फ्रेमऐवजी त्याने वाकावं म्हणून. पण तशीच चालवली आणि चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर टाकली की डिरेलर मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये जातो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून कुठलीही सायकल उजव्या अंगावर पडली तर आधी मागून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्या आणि वरचा गिअर एका उभ्या रेषेत आहेत का? नसतील तर मेकॅनिककडे हँगर सरळ करायचा गेज असतो, त्याच्याकडे न्या. हाताने सरळ करायला जाऊ नका.

घरमालकाने डिपॉझिटमधून गिलाव्याचे आणि पूर्ण भिंतीच्या रंगाचे पैसे कापले. पुढच्या भाडेकरूच्या अॅग्रीमेंटमध्ये त्याने कलम घातलं, "सायकल घरात आणू नये." मला सगळ्यात जास्त लागलं ते हे कलम. एका गिट्टीपायी तिसऱ्याच माणसाची सायकल बंद झाली.

म्हणून हुक नकोच, असं म्हणायला मी तयार आहे का? नाही. पूर्वी मी ठामपणे म्हणायचे की छोट्या घरात जमीन महाग आणि भिंत फुकट, तेव्हा सायकल भिंतीवरच गेली पाहिजे. त्या मताशी माझं अजून भांडण चालू आहे, कारण ते खोटं नाही. जुन्या विटांच्या भिंतीत, नऊ इंची असेल तर उत्तमच, 10 मिलिमीटरची नायलॉनची गिट्टी आणि 80 मिलिमीटरचा जाड स्क्रू बसला की हुक वर्षानुवर्षं टिकतो. ड्रिलच्या भुकटीकडे बघा. आधी पांढरी येईल, ती पीओपी किंवा जिप्सम. त्यानंतर लाल आली तर वीट. राखाडी आली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीट. हलकी, पांढुरकी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर एएसी, तिथेच थांबा. त्यात टांगायचंच असेल तर हॅमर बंद ठेवून भोक पाडावं लागतं आणि अशा ब्लॉकसाठीच बनवलेली लांब गिट्टी लागते. आणि टांगण्याची पद्धतही बदला: पुढचं चाक हुकात आणि मागचं चाक भिंतीला टेकलेलं, अशी उभी. भार भिंतीलगत येतो, स्क्रूवरची ओढ कमी होते. चाकाला काही होत नाही, रिम याहून कितीतरी जास्त सोसते.

पण अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं आणि भिंत दुसऱ्याची. मालकाची लेखी परवानगी नसेल तर माझं आजचं उत्तर जमीनच आहे.

जमिनीवर सायकल आडवी ठेवू नका, मागच्या चाकावर उभी करा. कपाटाची बाजू आणि भिंत यांच्या कोपऱ्यात मागचं चाक घट्ट सरकवा, चाकं भिंतीकडे आणि सीट खोलीकडे. उंची 175 च्या आसपास जाईल, छताला काही लागत नाही. मागची ब्रेकची मूठ जाड रबर बँडने दाबून बांधा. ते केलं नाही तर चाक घरंगळतं आणि सायकल हळूहळू पुढे येते. पुढचं चाक वेल्क्रोच्या पट्ट्याने खिडकीच्या आतल्या गजाला किंवा कपाटाच्या भक्कम मुठीला अडकवा. चाकाखाली पीव्हीसी मॅटचा तुकडा आणि टायर टेकतो तिथे भिंतीला पुठ्ठा, कारण टायरचा काळा डाग डिस्टेंपरवरून पुसून जात नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेक असतील तर उतरवल्यावर मुठी चार-पाच वेळा दाबा, उभी ठेवल्याने आतली हवा सरकलेली असू शकते. पहिल्या दाबाला मूठ मऊ लागली तर घाबरू नका, पण मऊच राहिली तर चालवू नका.

छताला आणि जमिनीला दाबून बसणारा खांब मिळतो, त्याला दोन सायकली लागतात. चांगला आहे, पण वर फॉल्स सीलिंग असेल तर विचारही करू नका. त्याला खरा स्लॅब लागतो. आणि दर महिन्याला पीळ पुन्हा आवळावा लागतो.

जागा अजून कमी करायची तर डावं पायडल काढा. 15 चा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. नेहमीच्या सवयीने जोर लावणारे क्रँकचे, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्याचे, आटे खातात. परत लावताना आट्यांना ग्रीस. हँडल वळवायचं असेल तर स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, बाजूचे दोन बोल्ट 4 किंवा 5 च्या अॅलन कीने थोडे थोडे आळीपाळीने सैल करा. वरच्या टोपीच्या बोल्टला हात लावू नका. घट्ट करताना साधारण 5 न्यूटन मीटर, आणि मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा. हे रोज करण्याचं काम नाही, पावसाळ्यापुरतं ठीक. रोजचाच त्रास असेल तर हँडल कापून घ्या. 72 सेंटिमीटरचं हँडल दोन्ही टोकांनी 5-5 कापलं की 62 उरतं, घरात वळतं आणि ट्रॅफिकमध्ये रिक्षांच्या मधूनही निघतं. कार्बनचं नसेल तर साधी हॅक्सॉ पुरते. आधी मुठी आत सरकवून आठवडाभर चालवून बघा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही.

"मग घडीची का नाही घेत?" हेही विचारून होतं. ज्यांची खोली दहा बाय बाराची आहे त्यांनी घ्यावी, मी आग्रहाने सांगते. पण 20 इंची चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, आणि बहुतेक घडीच्या सायकली 12-13 किलोच्या असतात, चौथ्या मजल्यावर हातात धरून नेताना ते कळतं. ज्याला रविवारी पहाटे वसईच्या पुढे जायचंय त्याला मी ती घे म्हणणार नाही.

खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलवर ठेवता येते का, याचं उत्तर नाही. समुद्राच्या हवेने त्याचे वेल्डिंगचे सांधे आतून खाल्लेले असतात आणि खाली माणसं चालतात.

पावसाळ्यात ओली सायकल दारात आणण्याआधी खाली लॉबीत दोन-तीनदा वीतभर उचलून टायरवर आपटा, अर्धं पाणी तिथेच झडतं. चेन जुन्या बनियनने कोरडी करा, प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकच थेंब, पायडल उलटं फिरवा, वरचं पुसा. राहिलेलं तेल उभ्या सायकलवरून ओघळून मालकाच्या फरशीवर येतं. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत दमटपणा कोंडतो आणि बोल्ट आधी गंजतात. सुती चादर पुरे. स्टीलची फ्रेम असेल तर महिन्यातून एकदा सीटची दांडी बाहेर काढून सायकल उलटी करा, पाणी निघेल. दांडीला ग्रीस लावून परत घाला. नाही लावलं तर चार महिन्यांत अडकते, मग ती काढायला मेकॅनिकही कंटाळतो.

दोन सायकली, चार माणसं, एकच खोली असेल तर? याला घरात उत्तर नाही, आणि असल्याचं मी भासवणार नाही. उत्तर खाली आहे. मोटारीच्या एका जागेत, अडीच बाय पाच मीटरमध्ये, साठ सेंटिमीटरला एक अशा आठ सायकली शेजारीशेजारी बसतात. पण भाडेकरूला सोसायटीच्या सभेत मत नसतं, मागणी घरमालकाच्या सहीनेच जावी लागते. अर्जात "सायकलसाठी जागा द्यावी" एवढंच लिहू नका. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमधली, कोणती भिंत, किती लांबी, पाणी साचतं त्या पातळीच्या वर जमिनीत पक्का केलेला लोखंडी दांडा, सायकल बांधायला कडी, आणि खर्च सायकलवाले वाटून घेतील, हे सगळं लिहून मालकाकडे द्या. बरेच जण सही करत नाहीत. माझ्या ओळखीत एका मालकिणीने केली, आणि तिचा अर्ज अजून कमिटीकडे पडून आहे.