ऋतूची पोच

निसर्गाचे आभार मानावेत असं सगळेच म्हणतात, पण ते मानायचे कसे, हे कोणी नीट सांगत नाही. माणसाच्या बाबतीत सोपं असतं. समोर जाऊन दोन शब्द बोलता येतात, निदान फोन तरी करता येतो. झाडापुढे हात जोडून उभं राहिलं तर झाडाला काही फरक पडत नाही. बघणाऱ्यांना मात्र पडतो. सूर्यास्तासोबत सेल्फी काढून खाली ‘कृतज्ञ’ असं लिहायची हल्ली पद्धत आहे. त्यात अडचण एवढीच, की त्यासाठी सूर्याकडे पाठ करावी लागते.

म्हणून मी आभारांचा नाद सोडला आणि पोच द्यायचं ठरवलं. आलेलं पत्र मिळालं, एवढंच कळवायचं. ऋतू दरवर्षी काही ना काही धाडत असतो आणि आपण ते न उघडताच बाजूला ठेवतो. पोच द्यायला एक वही पुरते. तीत तारीख घालायची आणि काय दिसलं ते एका ओळीत लिहायचं.

हा उद्योग माझा नव्हे, फार जुना आहे. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शॅम नावाचे एक जमीनदार होते. १७३६ साली त्यांनी वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिलं फूल कधी दिसलं, ओकला पालवी कधी फुटली, बेडूक कधी ओरडले, भिंगरी पक्षी कधी परतले, अशा एकूण सत्तावीस खुणा. १७९७ मध्ये ते गेले. पुढे घरातल्या लोकांनी, मधली काही वर्षं सोडता, हे टिपण १९५८ पर्यंत चालू ठेवलं. वाडे सांभाळणारी घराणी पुष्कळ असतात, पण पिढ्यान्‌पिढ्या बेडकांच्या तारखा सांभाळणारं घराणं विरळाच.

जपानमधल्या क्योतोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर इ.स. ८१२ पर्यंत मागे जातात. दरबारी मंडळींच्या रोजनिशांत फुलं बघायला जमल्याचे उल्लेख आहेत. त्यांवरून अभ्यासकांनी बहराच्या तारखा जुळवल्या. २०२१ मध्ये बहर २६ मार्चलाच ऐन भरात होता. त्याआधीच्या बाराशे वर्षांत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. हवा तापत चालल्याचा हा पुरावा, पण लिहिणाऱ्यांनी तो पुरावा म्हणून लिहिलाच नव्हता. फुलं बघितली, बरं वाटलं, लिहून ठेवलं.

माझी वही इतकी थोर नाही. ‘पालवी. लालसर.’ ‘चिमणी काडी घेऊन गेली, कुठे ते दिसलं नाही.’ ‘धुकं. समोरची इमारत गायब. छान.’ असल्या नोंदी. पण लिहायचं म्हटलं की बघावं लागतं. खिडकीपुढचं झाड वर्षानुवर्षं तिथेच उभं आहे. रस्त्यावरच्या दिव्याजवळची त्याची फांदी बाकीच्या फांद्यांपेक्षा उशिरा पानं टाकते, हे मला वही आल्यावर दिसलं. रात्रभर उजेड मिळाल्यामुळे दिवस आखूड होत चालल्याचं तिला कळतच नाही. तेव्हापासून गच्चीवरचा दिवा उगाच जळत राहिला तर मी उठून बंद करतो. स्थलांतराच्या दिवसांत तर करतोच, कारण रात्री उडणारे पक्षी अशा उजेडाने वाट चुकतात.

पावसाची पोच नाकाने द्यावी. ओल्या मातीचा तो वास म्हणजे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंनी बनवलेलं जिऑस्मिन नावाचं रसायन. हवेच्या लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला कळतात. थेंब मातीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात, आणि उडणाऱ्या तुषारांबरोबर वास पसरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. धो धो पावसापेक्षा हलक्या सरीत असे तुषार जास्त उडतात. तेव्हा पहिली बारीक सर आली की खिडक्या लावायची घाई करू नये. आणखी गंमत म्हणजे हा वास आपल्यासाठी नाहीच. २०२० मधलं एक संशोधन सांगतं, की त्या वासाने मातीतले स्प्रिंगटेल नावाचे इवलाले जीव ओढले जातात, जिवाणूंवर ताव मारतात आणि जाताना त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दूरवर पोचवतात. या सगळ्या व्यवहारात आपण कुठेच नाही आणि वास मात्र आपल्याला मिळतो, हे कळल्यापासून तो मला जास्तच आवडायला लागला आहे.

पानगळीत मात्र पोच द्यायची ती काही न करता. आणि हेच सगळ्यांत अवघड. पान गळालं की आपले हात शिवशिवतात. खराटा येतो, ढीग होतो, कधी कधी काडीही लागते. झाडाच्या बाजूने बघा. पान टाकण्याआधी ते त्यातलं हरितद्रव्य मोडतं, नत्र आणि स्फुरद यांचा बराचसा भाग, अनेक झाडांत निम्म्याच्या आसपास, फांदीत परत ओढून घेतं, मग देठाच्या तळाशी पेशींचा एक थर तयार करून पान मोकळं करतं. उरलेलं खाली पडतं ते कचरा म्हणून नव्हे. त्यावर बुरशी येते, किडे येतात, गांडुळं येतात. काही पतंगांचे कोष त्याच पाचोळ्यात दडून थंडी काढतात. आपण पाचोळ्याबरोबर त्यांनाही पोत्यात भरतो.

डार्विनने मरणाआधी काही महिने, १८८१ मध्ये, शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी दर एकरात दरवर्षी दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशोब होता. त्यांना ऐकू येतं का हे बघायला त्यांच्यापुढे पियानो वाजवला गेला, मुलाने बासून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवलं. गांडुळं ढिम्म. ज्याने अख्ख्या सजीवसृष्टीचा विचार बदलला त्या माणसाने अखेरीस गांडुळांना मैफल ऐकवली, यापेक्षा मोठी पोच मला तरी ठाऊक नाही. आपण निदान खराटा आवरावा. वाटेवरची, गटाराच्या तोंडाशी साचलेली पानं काढावीतच. बुंध्याशी पडलेली तेवढी राहू द्यावीत.

उन्हाळ्यात पाण्याचं भांडं ठेवावं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते उथळ असावं, दोन-चार सेंटिमीटर पाण्याचं, आत एखादा खडा, म्हणजे मधमाशीलाही काठ मिळतो. पाणी एक-दोन दिवसांनी बदलावं, नाहीतर आठवडाभरात डासांची पिढी तयार होते आणि पुण्य त्यांच्या खात्यावर जमा होतं.

थंडीत काही करू नये. सकाळी उन्हात बसावं. दवाचे थेंब जितके जास्त तितकी रात्र निरभ्र गेली असं समजावं, कारण आभाळ मोकळं असलं की जमिनीची ऊब वर निघून जाते.

कृतज्ञतेचे फायदे हल्ली बरेच ऐकू येतात. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, आभार मानाव्याशा गोष्टी दर आठवड्याला लिहिणाऱ्यांना कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आयुष्य बरं वाटत होतं. खोटं असेल असं नाही. पण अशा यादीत माणूस घरात बसून ‘ऊन, वारा, पाऊस’ लिहून मोकळा होऊ शकतो. तारखेचं तसं नाही. ‘कळी आली’ असं लिहायला कळी आलेली असावी लागते आणि ती बघायला खिडकीपर्यंत तरी जावं लागतं.

आमच्याकडे ही वही आता सामाईक झाली आहे, त्यामुळे भांडणंही आली. झाड फुललं, म्हणजे नेमकं कधी? एक फूल दिसलं की फुललं म्हणायचं, की अर्धं झाड भरल्यावर? बऱ्याच वादानंतर दोन रकाने आखले: ‘पहिलं फूल’ आणि ‘हाक मारून दाखवण्यासारखं’. पहिल्या रकान्यावर एकमत झालं. दुसऱ्यात यंदा एकाच झाडासमोर तीन तारखा आहेत, तीन वेगवेगळ्या अक्षरांत.